भिंतीवर आलं की वाचायचं

परवा पुतणीच्या घरी गेले होते. तिच्या सासऱ्यांना नातवाच्या बारशाचा व्हिडिओ भिंतीवर मोठा करून बघायची हौस आली होती. नवा प्रोजेक्टर, नवा फोन, आणि घरातली चार शिकलेली माणसं दोन्हीच्या मध्ये वायर धरून उभी. भिंत निळीच्या निळी. कुणी फोन बंद करून चालू करत होतं, कुणी प्रोजेक्टर. मी कोपऱ्यातून म्हटलं, "आधी विमान लावा." सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला त्या यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. ते वाक्य हावळे गुरुजींचं होतं, आणि ते तोंडातून गेल्यावर मला त्या बारशात गोडी राहिली नाही.

विमान म्हणजे फोनमधलं विमानाचं चिन्ह. ते दाबलं की बाहेरचा फोन येत नाही, मेसेज येत नाही. कुणाचाही फोन प्रोजेक्टरला जोडायच्या आधी गुरुजी हे करायला लावायचे. "एकदा फोन भिंतीला लावला की तो आपला ऱ्हात न्हाय, बाई. गावाचा हुतो," असं म्हणायचे. हा नियम त्यांनी एकदाच मोडला. मोडला म्हणजे त्यांच्याकडून मोडवून घेतला.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, कर्नाटकाच्या अंगाला. मी तेव्हा लोहाऱ्यात खोली घेऊन राहायची. सकाळी जीपनं फाट्यावर उतरायचं आणि पुढं शेतातून चालायचं. गावाचं नाव मी घेत नाही. घेऊनही काही उपयोग व्हायचा नाही. शाळेत आम्ही दोघंच. पहिली-दुसरी माझ्याकडं, तिसरी-चौथी गुरुजींकडं.

गुरुजी मूळचे तामलवाडीचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. उंच, खांदे पुढं आलेले, पांढरा सदरा, आणि सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी वायरींचं भेंडोळं. मधली सुट्टी संपली की ते घंटा वाजवत नसत. मैदानाच्या कडेला उभं राहून जिभेनं टाळूवर असा काही आवाज काढायचे की पोरं चिंचेखालून, हौदावरून, कुठून कुठून वळून वर्गाकडं यायची. मी तुळजापूरची. आमच्या घरात तीन पिढ्यांची मास्तरकी. मला ते फार अडाणी वाटायचं. शाळा आहे की मेंढवाडा, असं मी एकदा तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, घंटेला पोरं नाखुशीनं येतात, याला आपसूक येतात. ते खरंच होतं, त्यामुळं मला जास्तच राग आला.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांना "नाही" म्हणता येत नव्हतं. गावात कुणाचा फोन बिघडला, कुणाला लग्नाचा व्हिडिओ टीव्हीवर बघायचा आहे, कुणाला मंदिरासमोर चादर बांधून क्रिकेटची मॅच लावायची आहे, की गुरुजींना बोलावणं. डबा उघडलेला असायचा, घास हातात असायचा, आणि दारात कुणीतरी फोन घेऊन उभं. "बघू, हिकडं आणा." संपला त्यांचा डबा. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाचा फोन दुरुस्त करता करता त्यांचा फाटा मागं राहिला आणि ते तीन गावं पुढं उतरून चालत शाळेत आले, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. मी चिडून म्हणायची, तुमच्या जिभेला तो शब्द फुटत नाही का? एकदा त्यांनी त्याचं उत्तर दिलं.

"न्हाय म्हणलं की माणूस तोंड पाडतं, बाई. मला ते बघवत न्हाय."

प्रोजेक्टर शाळेत आला तोही गुरुजींमुळंच. गावातला एक मुलगा पुण्यात नोकरीला होता. त्याच्या कंपनीत जुना प्रोजेक्टर अडगळीत पडला आहे हे गुरुजींना कुणाचा तरी फोन दुरुस्त करताना कळलं. ते सुट्टी टाकून गेले आणि रात्रभर एसटीत तो मांडीवर घेऊन आले. त्याला फोन थेट लागत नव्हता, मध्ये एक डबी लागायची. ती डबी, मग तिच्या जोगी वायर, मग त्या वायरीच्या जोगं टोक, असं करता करता दिवाळी गेली. शाळेची वीज तोडलेली होती. समोरच्या किराणा दुकानातून खिडकीतून वायर ओढली. खिडक्यांना सतरंज्या बांधल्या. चित्र तिरकं पडत होतं म्हणून प्रोजेक्टरच्या खाली जुनी पाठ्यपुस्तकं घातली. आणि एक दिवस ती निळी भिंत एकदम जिवंत झाली. भिंतीवर एक भुरकट कुत्रा, एक कान पडलेला. गुरुजींच्या फोनवर त्यांच्या घरच्या भुऱ्याचा फोटो होता, तो भिंतभर आला. पोरांनी जो गिल्ला केला तो दुकानापर्यंत ऐकू गेला.

आता दुसरा कुणी असता तर त्यानं पोरांना तयार व्हिडिओ लावून दिले असते आणि खुर्चीत बसला असता. सगळीकडं तेच चालतं. गुरुजींनी वेगळंच केलं. त्यांनी फोनमधलं लिहायचं कोरं पान उघडलं, फोन आडवा धरला, आणि अंगठ्यानं लिहिलं, "हा भुऱ्या आहे." ती अक्षरं एकेक करून भिंतीवर उमटली, पोरांच्या उंचीची. पोरं आपोआप मोठ्यानं वाचायला लागली. ज्यांना वाचता येत नव्हतं ती शेजारच्याचं ऐकून ओरडायला लागली. तिथून त्यांच्या वर्गाचा नियम ठरला. भिंतीवर आलं की वाचायचं. सगळ्यांनी, एका सुरात, कुणी सांगायची वाट न बघता. वाचून झालं की गुरुजी म्हणायचे, "शाब्बास रं माझ्या वाघांनो." मग पुढचं वाक्य.

वाक्य गुरुजींचं नसायचं, पोरांचं असायचं. सकाळी घरी काय झालं ते एकेकानं सांगायचं आणि गुरुजी ते जसंच्या तसं लिहायचे. एका पोरीच्या घरात कानडी बोलायचे. ती म्हणाली, अव्वा शेताला गेली. भिंतीवर "अव्वा शेताला गेली" असं आलं. मी दारातून बघत होते. मधल्या सुट्टीत मी त्यांना म्हटलं की आई लिहायला पाहिजे होतं, ही मराठी शाळा आहे. "आधी तिची अव्वा भितीवर येऊ द्या बाई," ते म्हणाले. "आई येईल की मागनं."

तिसरीत राणी नावाची एक मुलगी होती. मेंढपाळाची पोर. अर्धं वर्ष आईबापांबरोबर कळपामागं, अर्धं वर्ष आजीकडं. तिला एक अक्षर येत नव्हतं आणि ती तोंडही उघडत नव्हती. दुसरीत ती माझ्याच हाताखाली होती आणि मी तिचा नाद सोडून दिला होता. गुरुजींनी तिचं नाव लिहिलं. दाराएवढं "राणी". ती उठून भिंतीपाशी गेली आणि तिनं त्या अक्षराला हात लावला. अक्षर तिच्या हातावर आलं. तिनं हात मागं घेतला तर परत भिंतीवर. पोरं हसायला लागली, गुरुजींनी त्यांना गप्प केलं आणि तिला हवा तेवढा वेळ तिथं उभं राहू दिलं. उन्हाळ्याच्या आत राणी वाचायला लागली. तिचं वाक्य मला अजून पाठ आहे. "आमचं लंगडं मेंढरू आता पळतंय."

इथंच ही गोष्ट थांबली असती तर मी हे लिहायलाच बसले नसते.

आमच्या भागातल्या शाळांवर देखरेख करायला एक केंद्रप्रमुख होते, गंभिरे म्हणून. गोड बोलणारा माणूस. समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवल्याशिवाय त्यांना बोलता येत नसे. त्यांच्या केंद्रातली प्रत्येक शाळा डिजिटल झाली असं कागदावर वर गेलं होतं. दारादारांवर "डिजिटल शाळा" अशी निळ्या रंगात अक्षरं रंगवून झाली होती. चालणारा प्रोजेक्टर सगळ्या केंद्रात एक, तो आमचा. एक दिवस गंभिरे आले, गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की उद्या पलीकडच्या शाळेला भेट आहे, एका दिवसापुरता द्या, तुम्ही स्वतः जाऊन लावून द्या, तुमच्याइतकं कुणाला जमत नाही. गुरुजींनी प्रोजेक्टर वाकळेत गुंडाळला, नुकत्याच घेतलेल्या जुन्या मोटारसायकलला सुतळीनं बांधला आणि गेले.

मग तो रिवाजच पडला. वरून कुणी साहेब आले की मोठ्या रस्त्यानं साहेबांची गाडी, आणि शेतांमधल्या पाणंदीनं गुरुजींची मोटारसायकल. साहेब एका शाळेत बघून चहाला बसले की गुरुजी मागच्या दारानं प्रोजेक्टर सोडवून पुढच्या शाळेत. तिथल्या मुख्याध्यापकांचा फोन जोडून द्यायचा, विमान लावून द्यायचं आणि बाजूला व्हायचं. प्रोजेक्टर ओळखू येऊ नये म्हणून त्याच्यावर टाकायचं फडकं प्रत्येक शाळेत वेगळं. एका शाळेनं तर त्याला हळदीकुंकू वाहून हार घातला होता. तिथून निघाल्यावर गुरुजी वाटेत गाडी थांबवून रुमालानं कुंकू पुसत होते, हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. एवढ्या पगारदार माणसांना एक यंत्र दारोदार फिरवताना लाज वाटत नव्हती, आणि ज्यानं ते आणलं त्याला वाटत होतं की आपण मदत करतोय.

आमच्या शाळेत मात्र भिंत कोरी. पोरं सकाळी वर्गात आली की आधी भिंतीकडं बघायची, मग बाकाखालच्या प्रोजेक्टरच्या रिकाम्या खोक्याकडं, मग खाली बसायची. राणीनं एकदा विचारलं, "गुरुजी, आमची भित कवा येनार?" गुरुजी म्हणाले, उद्या. त्या उद्याला पुढं दुसरं बोलावणं आलं. मी कडाडून भांडले. म्हटलं, तुम्ही गंभिऱ्यांचं तोंड पडू नये म्हणून जपता, या पोरांची तोंडं पडलेली तुम्हाला बघवतात का? त्या आठवड्यात त्यांनी मला टाळलं. पुढच्या आठवड्यात परत वाकळ, परत सुतळी.

आणि मग नवे साहेब आले. रुजू होताना त्यांच्यापुढं कागदांचा जो ढीग आला त्यात आमचं केंद्र पूर्ण डिजिटल असल्याच्या अहवालावरही त्यांनी सही केली होती. आता ते प्रत्यक्ष बघायला निघाले. त्यांच्या वाटेवर आधी आमची शाळा होती आणि शेवटी पलीकडच्या गावची.

गुरुजी त्या दिवशी खुशीत होते. एरवी दुसऱ्यांच्या शाळेत सोंग करायचं असे. आज पोरं आपली, भिंत आपली आणि दाखवायचं ते खरं. शाळा समितीचे अध्यक्ष नवा सदरा घालून आले होते आणि हा सोहळा आपल्या फोनवर चित्रित करत मागं उभे होते. सतरंज्या बांधल्या, दुकानातून वीज आली, भिंतीवर वाक्य आलं. पोरांनी वाचलं. साहेबांनी जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, हे तर फोनमध्ये आधीच साठवलेलं असणार. मुलांचं पाठांतर असेल. ऑनलाइन काहीतरी दाखवा, आत्ताच्या आत्ता. नकाशावर आपलं गाव काढून दाखवा.

गुरुजी म्हणाले की इथं रेंज येती-जाती. साहेबांच्या मागून गंभिरे म्हणाले, "दाखवा की, गुरुजी."

गुरुजींनी विमान काढलं.

नकाशा आला. ओढा आला, फाटा आला, शाळेचं छप्पर आलं. पोरं "आमची शाळा" करून उठून उभी राहिली. आणि तेवढ्यात भिंतीच्या वरच्या कडेनं एक पांढरी पट्टी खाली सरकली. विमान लावलेल्या वेळात साठून राहिलेले मेसेज आत यायला लागले होते. आमच्या केंद्रातल्या शिक्षकांचा एक गट होता फोनवर, त्यातला मेसेज. पुढच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी लिहिलेला. भिंतीवर आलं की वाचायचं, हा नियम. पोरांनी वाचलं, एका सुरात, खणखणीत.

"प्रोजेक्टर अजून आला नाही."

मी शपथेवर सांगते, त्या क्षणी गुरुजींच्या चेहऱ्यावर आनंद होता. कधी न दाखवलेलं वाक्य, जोडाक्षरासकट, वर्गानं न अडखळता वाचलं होतं. त्याचा अर्थ त्यांच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. तोवर दुसरी पट्टी आली.

"हावळेंना आधी सोडा. साहेबांना चहाला बसवा."

तेही वाचून झालं. गुरुजींचा हात वायरीकडं गेला आणि तिथंच राहिला. साहेबांच्या मागं उभे असलेले गंभिरे मान खाली घालून आपल्या फोनवर भराभर काहीतरी लिहीत होते. ते त्यांनी पाठवलं, आणि ते भिंतीवर आलं. गुरुजींच्या फोनमध्ये त्यांचं नाव जसं होतं तसं, वर नाव, खाली मजकूर. पोरांनी नावही सोडलं नाही.

"गंभिरे साहेब. मेसेज टाकू नका. साहेब समोर आहेत."

साहेबांनी मागं वळून बघितलं. गंभिऱ्यांच्या हातात फोन तसाच होता. पोरं गुरुजींकडं बघत होती, कारण वाचून झालं की शाब्बास यायचा आणि आज तो येत नव्हता. राणी पहिल्या रांगेत होती. तिनं विचारलं, "गुरुजी, बरूबर वाचलं न्हवं?"

खोटं बोलायला त्यांना जागा होती. चूक वाचलं म्हटलं असतं, नुसते गप्प राहिले असते, तरी चाललं असतं. ते म्हणाले, "बरूबर वाचलं."

साहेब चहा न घेता गेले. मला वाटलं, चला, आता फुटला घडा. माझी तेवढीच अक्कल. पुढच्या चार दिवसांत सगळ्यांच्या लक्षात आलं की घडा फुटला तर पाणी सगळ्यांच्याच अंगावर येणार, कारण त्या अहवालावर सही साहेबांचीही होती. अध्यक्षांनी काढलेलं चित्रण तोवर गावोगाव फिरलं होतं, त्यामुळं काहीतरी खुलासा करणं भाग होतं. आणि त्या चित्रणात एक गंमत झाली होती. अंधाऱ्या खोलीतली उजेडाची भिंत फोनच्या कॅमेऱ्याला झेपली नव्हती. भिंत नुसती पांढरीफटक दिसत होती. अक्षर एकही नाही. ऐकू येत होता तो पोरांचा आवाज. म्हणजे एवढ्या प्रकरणात पुरावा कोणता, तर तिसरी-चौथीच्या पोरांना वाचता येतं, हा.

गंभिरे एका दुपारी आले. खांद्यावर हात ठेवला. सोबत कागद लिहूनच आणला होता. मुलं वाचनात कच्ची आहेत, नकाशावरची गावांची नावं त्यांना वाचता आली नाहीत आणि ती मनाला येईल ते ओरडली, असा त्याचा मतलब. खाली वर्गशिक्षकाच्या सहीला जागा. गंभिरे समजुतीनं बोलत होते. तुमच्यावर काही येत नाही, माझ्यावर येत नाही, साहेबांवर येत नाही. राहिली पोरं, तर त्यांना कागदावर कच्चं म्हटल्यानं काय फरक पडतो?

गुरुजींनी कागद वाचला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला.

"न्हाय."

गंभिऱ्यांना कळलंच नाही. त्यांनी इतक्या वर्षांत हा शब्द या माणसाकडून ऐकला नव्हता. त्यांनी विचारलं, काय नाही?

"सही न्हाय करत. पोरं बरूबर वाचली."

मग गंभिऱ्यांचा आवाज बदलला. तसं असेल तर शाळेची वस्तू परवानगीशिवाय गावोगाव कुणी फिरवली, याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल, असं ते म्हणाले. गुरुजी म्हणाले, "दितो की. म्या फिरवली. पर पोरं बरूबर वाचली."

ते गेल्यावर मी गुरुजींच्या अंगावर ओरडले. कुणी कुणी बोलावलं, कुठल्या शाळेत लावलात, सगळ्यांची नावं सांगा. ते म्हणाले, "ते बोलवत हुते, म्या जात हुतो. पाय माजेच हुते, बाई." या वाक्याचा मला आजही राग येतो. असल्या चांगुलपणानं कुणाचं भलं झालं? ज्यांनी हार घातले होते त्या सगळ्या शाळांनी चौकशीत लिहून दिलं की आमचा संच दुरुस्तीला गेला होता. गटातून जुने मेसेज पुसले गेले आणि मग गुरुजींनाच गटातून काढलं. त्यांच्या मोटारसायकलच्या वाटेकडं डोळे लावून बसणारे लोक बैठकीत त्यांच्या शेजारची खुर्ची सोडून बसायला लागले. मी जे बघितलं ते सगळं लिहून दिलं. ते फाईलला लावलं आणि माझे आभार मानले.

गंभिऱ्यांचा तो कागद सहीशिवायही तसाच वर गेला. गुरुजी निलंबित झाले. कारणं दोन, शाळेची वस्तू बाहेर नेणं आणि वर्गाचा वाचनाचा दर्जा खालावणं. प्रोजेक्टर पुरावा म्हणून वरच्या कार्यालयात जमा झाला. जाताना तो त्याच वाकळेत होता, फक्त सुतळीवर लाखेचं सील होतं. माझ्या माहितीप्रमाणं अजून तिथल्या कपाटावर आहे.

आणि पोरं कागदावर कच्ची ठरल्यामुळं त्यांना पक्कं करायला बाहेरून एक बाई यायला लागल्या. त्यांनी फळ्यावर अ काढला, आ काढला. जोडाक्षरं वाचणारी ती पोरं गप्प बसून त्या अ कडं बघत राहायची. राणीनं मला मधल्या सुट्टीत गाठलं. "बाई, आमी चुकीचं वाचलं म्हून गुरुजी गेलं का?" मी सांगितलं की तुम्ही बरोबर वाचलं. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "मग बरूबर वाचलं म्हून गेलं." पुढच्या हंगामात ती कळपामागं गेली ती परत आली नाही. राहिलेल्या पोरांना मी फळ्यावर वाक्य लिहून दिलं की ती आधी एकमेकांकडं बघायची, मग माझ्याकडं, आणि मनातल्या मनात वाचायची. मोठ्यानं कुणी वाचायचं नाही. जे वाक्य कुणी लिहिलं आणि कशासाठी लिहिलं हे माहीत नाही, ते मोठ्यानं वाचायचं नसतं, हे ती आठ-नऊ वर्षांची मुलं शिकली होती. एवढा पक्का धडा आमच्या शाळेत दुसरा कुठला झाला नाही.

चौकशी रेंगाळली आणि शेवटी गुरुजींना परत घेतलं, पण पार परंड्याच्या बाजूला. माझीही बदली झाली. मध्ये काही वर्षं आमची भेट नव्हती. त्यांचा फोन लागत नसे.

भेट झाली ती गंभिऱ्यांच्या सेवापूर्तीला. तुळजापूरच्या बाहेर मंगल कार्यालयात मोठा थाट होता, फेटे, शाली, जेवणाला बुंदी. मी का गेले? बघायला गेले. गुरुजी मागच्या रांगेत बसलेले दिसले. मी म्हटलं, तुम्ही कसे काय? ते म्हणाले, गंभिऱ्यांनी स्वतः फोन करून बोलावलं, नाही कसं म्हणणार. मला त्यांना झोडावंसं वाटलं. खांदे आणखी पुढं आले होते. सदऱ्याच्या खिशात वायरी नव्हत्या, बटणांचा साधा फोन होता. मी विचारलं, तिकडच्या शाळेत भिंत लावता का?

"भिती हैत की," ते म्हणाले. "चार हैत. छपराला त्यांनीच धरलंय."

भाषणं झाली. गंभिऱ्यांनी केंद्र कसं डिजिटल केलं ते तीन-चार जणांनी सांगितलं. मग त्यांच्या कारकिर्दीची चित्रफीत दाखवायची होती. व्यासपीठावर पांढरा पडदा, समोर प्रोजेक्टर, आणि गंभिऱ्यांच्या जावयाच्या हातात फोन. पडदा निळा झाला आणि निळाच राहिला. जावई वायर काढत होता, घालत होता. सूत्रसंचालकानं एक कविता म्हटली, मग दुसरी म्हटली. दिवे घालवलेले होते आणि लोक खुर्च्या सरकवायला लागले होते. तेव्हा गंभिरे स्वतः ध्वनिक्षेपकावर आले. त्यांनी डोळ्यांवर हात धरून मागं बघितलं, आणि त्यांना गुरुजी दिसले.

"हावळे गुरुजी, या हो. तुमच्याशिवाय आमचं कधी काही लागलंय का? या, बघा जरा."

सगळ्या सभागृहानं मागं वळून बघितलं. मी शेजारीच होते. गुरुजींचा उजवा हात गुडघ्यावरून उचलला गेला, सवयीनं, खिशाकडं. खिशापर्यंत गेला आणि परत गुडघ्यावर आला. ते उभे राहिले. मला वाटलं, झालं, निघाला हा माणूस.

"मला त्यातलं काय बी येत न्हाय, सायब," ते म्हणाले, आणि खाली बसले.

थट्टा समजून दोघं-तिघं हसले. मग हसणं थांबलं. गंभिरे ध्वनिक्षेपक हातात धरून तसेच उभे होते, निम्मा चेहरा निळ्या उजेडात. फेट्याखाली त्यांचं तोंड हळूहळू पडत गेलं. मी गुरुजींकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली नव्हती. ते त्या तोंडाकडं बघत होते, आणि दिवे लागेपर्यंत बघत राहिले.